दान की ऋणमोचन ?

आमच्या देवस्थानच्या गेल्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाल्यावर मी एक विनंती मांडली. देवाचा पैसा देवाच्याच कारणी लागला पाहिजे, हे वकील या नात्याने मी जाणतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या पदरचे यथाशक्ति काही रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी द्यावे, एवढेच मी म्हटले. सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, रोग्याच्या औषधाला मागा, आत्ता देतो. पण संशोधनाला द्यायचे म्हणजे नक्की कोणाला द्यायचे ?”

मला त्या वेळी समर्पक उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

आक्षेप क्षुल्लक नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश आणि काल यांच्याबरोबर पात्राचाही विचार केला आहे. आमचा कायदाही हेच विचारतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे, देणारा हयात असताना घेणाऱ्याने स्वीकार केला नाही, तर दान सिद्धच होत नाही. आणि संशोधनाच्या पैशाने ज्याचे प्राण वाचायचे, तो कदाचित अजून जन्मालाही आलेला नसेल !

तथापि आपल्या धर्मशास्त्राने दानाची दुसरीही एक तऱ्हा ओळखली आहे. विहिरी, तळी, धर्मशाळा यांना पूर्त म्हणतात. तळे बांधणारा उत्सर्गाचा संकल्प करून त्यावरील आपला हक्क सोडतो आणि ते सर्वांसाठी मोकळे करतो. तेथे घेणाऱ्याच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. पन्नास वर्षांनी येणारा तहानलेला वाटसरू हाच त्याचे पात्र. संशोधन ही अशीच विहीर आहे. पण विहीर खोदताना कधी खडकच लागतो, आणि संशोधनात तर पुष्कळ खोदकामे कोरडी जातात. मग कोरड्या जाण्याचा संभव असलेल्या विहिरीसाठी दुसऱ्याकडे हात पसरण्याचा मला काय अधिकार ?

येथे मला दोन गोष्टी आठवतात. मेहेरबाई टाटा १९३१ साली ह्याच रोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पति सर दोराबजी यांनी त्यांच्या स्मरणार्थ, मुख्यतः ह्या रोगाच्या संशोधनासाठी, एक न्यास स्थापन केला. हा रोग हटविणारे औषध तेव्हा कोणाजवळही नव्हते. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. आपल्या पैशाचे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही.

दुसरी गोष्ट १९४८ ची. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना असे आढळले होते, की फॉलिक आम्लाने ह्या रोगाने पछाडलेल्या मुलांचा आजार उलट बळावतो. तेव्हा त्या आम्लाचे कार्य रोखणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्य त्यांनी १६ मुलांना दिले. ते ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १६ पैकी १० मुलांना उतार पडला, पण तो तात्पुरताच. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले.

माझ्या बहिणीचा मुलगा सहाव्या वर्षी ह्याच रोगाने अंथरुणाला खिळला. बरा होत असताना तो दर आठवड्याला जी गोळी घेई, ती मेथोट्रेक्सेटची, म्हणजे त्याच कुळातल्या औषधाची. आज तो शाळेत जातो. आम्ही डॉक्टरांची फी दिली, औषधाची किंमत दिली, पावत्या जपून ठेवल्या. पण त्या सोळा मुलांची पावती आमच्याजवळ नाही. दोराबजींनी स्वेच्छेने दिले; त्या मुलांनी तर दिलेही नाही, त्यांच्या दुखण्यातून ते ज्ञान घेतले गेले. म्हणून त्यांचे ऋण अधिक जड आहे.

आणि धनको हयात नसला, म्हणून ऋण बुडत नाही. पितृऋण पितरांना परत करता येत नाही. पुढची पिढी वाढवूनच ते फिटते. ऋषिऋण विद्येची परंपरा पुढे चालवून फेडावयाचे. मागच्यांचे घेणे पुढच्यांना देणे, ही रीत आपल्याला नवी नाही. ह्या रोगाच्या मुलांपैकी प्रगत देशांत आज शेकडा सुमारे ९० वाचतात. उरलेल्या दहांचे आपण देणे लागतो.

मात्र दारात उभ्या असलेल्या रोग्याचा घास काढून संशोधनाला द्यावा, असे मी म्हणणार नाही. ती दोन वेगळी देणी आहेत. एकाच्या वाट्यातून दुसरे फेडू नये. ज्याची स्वतःचीच ओढाताण आहे, त्याच्यापुढे यादी धरू नये. भर सभेत नावे वाचून काढलेला पैसा म्हणजे दंडच होय. आणि पैसा कोणत्या संस्थेकडे जातो, त्याचा हिशेब कोण देतो, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्या वृद्ध गृहस्थांनी तो बजावला, हे योग्यच झाले.

येत्या सभेत मी पुन्हा उभा राहणार आहे. मात्र ह्या खेपेस प्रथम माझ्या घरचे ऋण सांगेन, माझा हप्ता ठेवीन, आणि खाली बसेन.