तिसरा मालक

जुनी गाडी घेताना आमच्याकडे तिची दोनदा तपासणी होते. एकदा मिस्तरी करतो, एकदा घरातलं वडीलधारं माणूस. मिस्तरीनं चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण काढून धूर पाहिला, दारांच्या रबराखाली बोट घालून रंग मूळचा आहे की ठोकून पुन्हा मारलेला आहे ते पाहिलं आणि मान डोलावली. माझी आई गाडीपर्यंत गेलीच नाही. ओट्यावरूनच तिनं विचारलं, “हाई गाडी कोनी व्हती?” मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न आला, “कोना तयतयाट ते नही ना?” म्हणजे कुणाचा तळतळाट तर नाही ना.

गाडी होती फोर्ड एंडेव्हर. 2018 चं मॉडेल, 3.2 लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, एमएच 19 म्हणजे जळगाव पासिंग. नवी होती तेव्हा रस्त्यावर यायला तीस लाखांच्या वर पडायची. मी धुळ्याला वकिली करतो, मोटार अपघाताचे दावे हे माझं मुख्य काम. धुळे, जळगाव, नंदुरबार अशा फेऱ्या असतात, कंबर दुखते, वगैरे वगैरे. खरं कारण एवढंच की ती गाडी कोर्टाच्या आवारात उभी राहिली की छान दिसते. ते मी लपवत नाही.

आईचा प्रश्न मात्र मला धंद्यामुळेच सोडता आला नाही. ज्यांच्याखाली माणसं गेली ती वाहनं मी रोज कागदावर पाहतो. पोलीस ठाण्याच्या आवारात महिनोन्महिने उभी असतात, टायर बसलेले, बॉनेटवर कावळ्यांची घाण. मग सुपुर्दनाम्यावर सुटतात, ठोकठाक होते, रंग लागतो आणि मुंबई-आग्रा रोडवर पुन्हा धावायला लागतात. एखादी कुणाच्या तरी दारात हार घालून उभी राहते. तिला काही चिकटलेलं असतं का?

माणसानं हा प्रश्न पूर्वी फार गंभीरपणे घेतला होता. प्राचीन अथेन्समध्ये माणसाच्या अंगावर पडून त्याला मारणाऱ्या दगडावर किंवा वाशावर रीतसर खटला चाले आणि दोषी वस्तू हद्दीबाहेर टाकली जाई. इंग्रजी कायद्यात ‘डिओडँड’ नावाचा प्रकार शेकडो वर्षं होता. ज्या गाडीनं, चाकानं किंवा बैलानं माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, देवाच्या नावानं सरकारजमा व्हायची. आगगाड्या आल्या, ज्यूरी मंडळी इंजिनांवर मोठमोठ्या रकमा बसवू लागली, आणि मग 1846 मध्ये तो कायदाच रद्द झाला. इंजिन अपराधी ठरवणं रेल्वे कंपन्यांना परवडणारं नव्हतं. तत्त्वज्ञान कित्येकदा असं खर्चापायी बदलतं.

आजचा आपला कायदा या बाबतीत कोरडा आहे. वस्तूला दोष नाही, जबाबदारी माणसाची. कोणत्या माणसाची? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी विकली, पैसे घेतले, चावी दिली, तरी नोंदणीच्या पुस्तकात ज्याचं नाव आहे तोच मालक. त्या खटल्यातली गाडी नाव न बदलता एकापाठोपाठ एक हातांतून गेली होती आणि भरपाई आली पुस्तकातल्या पहिल्यावर. मी हा निकाल अनेकदा वापरला आहे. पण आईला तो सांगून उपयोग नव्हता. तिचा प्रश्न पुस्तकातल्या नावाचा नव्हताच.

आमच्या शेजारी एक शेठ राहतात, कापसाचे व्यापारी, जैन, रोज सामायिक करणारे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “वकीलसाहेब, गाडी अजीव आहे. कर्माचे पुद्गल चिकटायला जीव पाहिजे. आणि नुसता जीव असून होत नाही, कषाय पाहिजे. क्रोध, मान, माया, लोभ. हा डिंक असल्याशिवाय काही चिकटत नाही.” मला हे एकदम पटलं. सोपं, स्वच्छ, कायद्यासारखंच. पुढे त्यांनीच विचारलं की मुहूर्त कुठला काढलाय. असो.

जळगावच्या सराफ बाजाराचं उदाहरण माझ्याकडेही होतं. तिथे रोज किती मोड येते! कुणाच्या सासूच्या पाटल्या, कुणाचं मोडलेलं मंगळसूत्र, कुणी कर्जापायी विकलेला गोफ. सगळं एका मुशीत जातं आणि त्यातून नवरीचा हार निघतो. तो घेताना कुणी विचारत नाही की हे सोनं कुणाच्या गळ्यातलं. आईसुद्धा विचारत नाही, तिच्या बांगड्या तिथल्याच आहेत. हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, सोनं आगीतून जातं, तुझी गाडी कुठे गेली आगीतून? याला उत्तर नव्हतं.

मग मला अर्जुनाचा रथ आठवला. आपण गीता म्हणतो, रथाकडे लक्ष देत नाही. तो रथ अर्जुनासाठी बनवलेला नव्हताच. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीनं वरुणाकडून तो मागून आणला आणि अर्जुनाला दिला. महाभारत सांगतं की त्याआधी सोमानं त्याच रथावरून दानवांना जिंकलं होतं. म्हणजे रथ जुना, वापरलेला, युद्धात उतरलेला. गांडीव धनुष्यसुद्धा आधी दुसऱ्यांच्या हातांतून आलेलं, आणि शेवटच्या प्रवासात अग्नी पुन्हा वाटेत उभा राहून ते परत मागून घेतो. अर्जुनानं रथ घेताना सोमाच्या हातून किती दानव मेले याची चौकशी केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि याच सेकंडहँड रथावर बसून गीता सांगितली गेली. आमच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या तुरुंगावरून मी आठवड्यातून कितीदा तरी जातो, पण रथाच्या मूळ मालकाचा विचार या गाडीपायीच डोक्यात आला.

बौद्ध भिक्खू नागसेनाचा रथही कुणाला आठवेल, चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, तो. पण तो प्रश्न गाडी म्हणजे काय याचा. माझा प्रश्न गाडीबरोबर काय येतं याचा.

अर्जुनाच्या रथाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती एंडेव्हरसारख्या बंद झालेल्या मॉडेलला नेमकी लागू पडते. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, आधी तू उतर. अर्जुन उतरतो, मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा वानर नाहीसा होतो आणि रथाची जागच्या जागी राख होते. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळालेला होता, कृष्ण बसला होता म्हणून टिकून होता. 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं जाहीर केलं की भारतात गाड्या बनवणं थांबवतोय. एंडेव्हर चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यात बनत होती. सारथी खाली उतरला. बाजारानं लगेच ठरवलं की आता राख होणार आणि भाव कोसळले. मिस्तरी मात्र हसला. “साहेब, हीच गाडी बाहेर एव्हरेस्ट नावानं चालते. थायलंडला बनते. पार्टसाठी थांबावं लागेल, पण येईल. लालिंगचा घाट चढवून बघा, मग बोला.” चढवली. डोंगरावरचा किल्ला उजवीकडून डावीकडे सरकेपर्यंत एकदाही गिअर बदलल्याचा धक्का जाणवला नाही. राख वगैरे काही नाही.

आता आईचा पहिला प्रश्न. गाडी होती एरंडोल-पारोळ्याकडच्या एका जिनिंगवाल्याची. तो वारला होता, हृदयविकारानं, घरी. गाडीत नाही, अपघातात नाही. विकत होती त्याची बायको. गाडी आधी तिच्या नावावर झाली होती, कारण नियमच तसा आहे: मालक गेला की वारसानं तीस दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव लावून घ्यायचं, त्याशिवाय पुढे विकता येत नाही. त्यात मालकीचा क्रमांक एकानं वाढतो. त्या बाईनं गाडीचं स्टिअरिंगही कधी धरलं नसेल, पण कागदावर ती सेकंड ओनर झाली आणि मी थर्ड ओनर होणार. सौदा जमवणाऱ्या एजंटनं इथेच पहिला टोला मारला होता. थर्ड ओनरची गाडी म्हणून त्यानं आधीच लाखभर पाडले होते. म्हणजे नवरा गेला आणि त्याच्या जाण्याचा दंड त्याच्या बायकोनं भरायचा!

दुसरा टोला त्यानं मला बाजूला घेऊन सांगितला. “बाई घाईत आहेत साहेब. पोरीच्या मेडिकलची फी भरायचीय. आज टोकन टाका, अजून दीड तुटतील.” गाडी त्या वेळी 17 लाखांवर आली होती.

त्या क्षणी आईचा दुसरा प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. तळतळाट पत्र्यात किंवा सीटच्या चामड्यात मुरून बसलेला नसतो, हे शेठ सांगत होते ते बरोबरच. पण तो कुठून तरी निघतो, आणि बहुतेक वेळा सौद्याच्या टेबलावरूनच निघतो. मेलेल्या माणसाचं कर्म माझ्याकडे यायचं कारण नाही. माझं स्वतःचं कर्म मात्र तिथल्या तिथे, टोकनाच्या पावतीवर, तयार होत होतं. डिंक माझ्याच हातात होता.

टायर झिजलेले होते, त्याचे पैसे मी कमी केले. पुढच्या सस्पेन्शनमध्ये खडखड होती, मिस्तरीकडून आकडा घेऊन तोही कमी केला. कंपनी गेली म्हणून पार्ट महाग पडतील, हेही धरलं. हे सगळे गाडीचे दोष. थर्ड ओनर म्हणून पाडलेले लाखभर मात्र किमतीत परत घातले आणि घाईचे दीड लाख सोडून दिले. एजंटला वाटलं, मला दुसरी गाडी मिळालीय आणि मी खेळवतोय.

पण ही रेघ वाटते तितकी सरळ नाही, हे मी वकील म्हणून जाणतो. कंपनी गेली म्हणून भाव पडले हे मी गाडीच्या दोषात धरलं. फोर्डच्या त्या निर्णयानं सुमारे 4,000 कामगारांवर परिणाम होईल असं कंपनीनंच तेव्हा सांगितलं होतं. मराईमलाई नगरमध्ये ज्यानं माझ्या गाडीची दारं बसवली असतील, त्याचीही घाई झाली असेल, त्याच्याही पोरीची फी असेल. त्याच्या अडचणीचा फायदा मी सरळ खिशात टाकला आणि त्याला दोष म्हणून नाव दिलं. बाई समोर बसलेली होती, तिची मुलगी चहा घेऊन आली होती, म्हणून मला लाज वाटली. तो कामगार समोर नव्हता, म्हणून नाही वाटली. याला नीती म्हणायचं की नजरेची मर्यादा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रताप शेठांनी 1916 साली काढलेल्या अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात असल्या प्रश्नांवर चर्चा करायला कधीकाळी देशभरातून पंडित येऊन राहत. तेही एका गिरणीमालकाच्या पैशावर, हे लक्षात ठेवायला हवं. एखाद्या दिवशी तिथे कुणाला तरी विचारीन.

फॉर्म 29, फॉर्म 30, बँकेची एनओसी, सगळं होऊन गाडी दारात आली. आईनं पुन्हा विचारलं, कोणाची होती. सांगितलं. तिनं त्या माणसाच्या आजोळापर्यंत ओळख काढली, त्याच्या बायकोला फोन लावायला लावला आणि बराच वेळ बोलत बसली, गाडी सोडून सगळ्या विषयांवर. मग नारळ काढला.

संध्याकाळी शेठ आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला, “कितीला पडली?” विचारलं. आकडा ऐकून त्यांनी जीभ चावली.

“महाग घेतली वकीलसाहेब. थर्ड ओनर आहे. लाख-दीड लाख तर सहज तुटले असते.”