विहिरीतला पाव

मी तत्त्वज्ञ नाही; बी. कॉम. आहे. त्यातून बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी बँकेत कारकून. ‘सत्य म्हणजे काय?’ असले प्रश्न आमच्याकडे सहसा पडत नाहीत. संध्याकाळी रोकड जुळली की ते सत्य. नाही जुळली की रात्रीपर्यंत सत्याचा शोध. पण गोव्याहून आणलेल्या अर्धा किलो मिठाईने मला अशा पेचात टाकलं, की रोकड जुळूनही झोप येईना.

झालं असं. बँकेच्या प्रवासभाड्याच्या सवलतीवर आम्ही चौघं गोव्याला निघालो. आई येईना. तिच्या गळ्यात पंढरपूरची माळ. “मला तिथं काय खायला मिळणार? तुम्ही या जाऊन,” म्हणाली. निघताना मात्र बजावलं, “खाण्यापिण्याचं तेवढं सांभाळ.” हे म्हणताना तिने सुनेकडे पाहिलं नाही, नातवंडांकडे पाहिलं नाही; थेट माझ्याकडे पाहिलं. मुलाचं खातं आईला अद्ययावत पाठ असतं.

पणजीत फोंतेन्यास म्हणून जुना भाग आहे. पिवळी, निळी, तांबडी घरं, कौलारू छपरं आणि गल्ल्या अशा अरुंद, की समोरच्या घरातल्या फोडणीला आपण शिंकावं. तिथल्या एका जुन्या बेकरीत शिरलो. चार टेबलं आणि एक काचेचं कपाट. पोर्तुगीज १५१० साली आले आणि १९६१ च्या डिसेंबरात गेले. पण जाताना हे कपाट न्यायचं विसरले असावेत. एका ताटलीत ‘पश्तेल द नाता’, म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत घट्ट पिवळी खीर, वरून काळे डाग पडेपर्यंत भाजलेली. शेजारी थराथरांची बेबिंका. पलीकडे काळसर, तुपकट दोदोल.

“हे शाकाहारी आहे ना?” मी नाताकडे बोट दाखवून विचारलं.

“अंडें आसा,” काउंटरमागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले. या गोष्टीत पहिल्या फटक्यात खरं बोललेला हा एकच माणूस, म्हणून त्यांचा मुद्दाम उल्लेख केला.

आता इथे उठून यायला हवं होतं. पण माणसाचे नियम त्याला निरोप द्यायला एस. टी. स्टँडपर्यंत येतात आणि तिथूनच घरी परत जातात. अंडं म्हणजे बिलोलीत पाप, नायगावला चूक, नांदेडला प्रयोग आणि पणजीत संस्कृतीचा अभ्यास. आम्ही चौघांनी बराच अभ्यास केला. सौ. अभ्यास करताना खिडकीबाहेर बघत होत्या, एवढंच.

अभ्यासात कळलेल्या गोष्टीही मजेच्या होत्या. पोर्तुगालातल्या मठांत म्हणे कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरीत. उरलेल्या बलकाचं करायचं काय, यातून ही पक्वान्नं निघाली. लिस्बनमधल्या बेलें भागात नाताचं एक दुकान १८३७ पासून चालू आहे. बेबिंकेत बलक, नारळाचं दूध, तूप, साखर, मैदा आणि जायफळ. एक थर ओतायचा, वरून विस्तव देऊन भाजायचा, मग त्यावर दुसरा. सात थरांची रीत, हौस असेल तर सोळा. हे काम बँकेकडे असतं, तर प्रत्येक थरावर दोन सह्या लागल्या असत्या. पण हसण्याचं कारण नाही. ज्या पगारावर मी ते खात होतो, तो ‘पगार’ शब्द पोर्तुगीज. आमच्या तिजोरीची ‘चावी’ पोर्तुगीज. कर्ज थकलं की होणारा ‘लिलाव’सुद्धा पोर्तुगीजच.

निघताना दोन पाकिटं घेतली. आमच्यासाठी बेबिंका आणि आईसाठी दोदोल. दोदोलात तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध. अंड्याचा संबंध नाही. व्यवहार चोख होता. पण रात्रीच्या बसमध्ये दिवे गेले आणि पोरांच्या हाती जे पाकीट लागलं, ते दोदोलाचं. पुण्याला उजाडलं तेव्हा आजीचा वाटा नातवंडांच्या गालाला लागलेला होता.

घरी आल्यावर आईने विचारलं, “माझ्यासाठी काय आणलंस रे?”

आता रिकाम्या हाताने काय दाखवायचं? मी बेबिंकेचं पाकीट पुढे केलं. त्यावरची तपकिरी खूण मी अंगठ्याखाली धरली होती. बँकेत माणसं खरेपणासाठी अंगठा लावतात. मी खोटेपणासाठी लावला. खरं तर त्याचीही गरज नव्हती. आईला आता जवळचं नीट दिसत नाही.

“ह्याच्यात काय काय घालतात?”

“नारळाचं दूध, तूप, साखर, जायफळ.”

प्रत्येक नोंद खरी आणि बेरीज खोटी. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. मी पायीच असल्यामुळे तीही भीती नव्हती.

“थांब,” आई म्हणाली, “आधी देवापुढं ठेवते.” आणि पाकीट घेऊन देव्हाऱ्याकडे वळली.

त्या अर्ध्या मिनिटात माझ्या आतल्या वकिलाने फार हुशारीची बाजू मांडली. म्हणाला, आईच्या एकादशीच्या खिचडीत तरी आपलं काय आहे? साबुदाणा ज्या कंदाचा, तो मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी, पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलेली. शेजारच्या धर्माबादच्या ज्या मिरचीचा आम्ही तोरा मिरवतो, तीही पाहुणीच. मग त्याच लोकांच्या चार चमचे बलकाने असं काय बिघडतं?

युक्तिवाद बिनतोड होता. पण त्याच क्षणी मला विहिरीतला पाव आठवला.

वसईकडे, गोव्याकडे ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फिरंगी अंमलात रात्री गावच्या विहिरीत पाव टाकायचे. सकाळी लोक नेहमीसारखं पाणी प्यायचे आणि मग कळायचं, की आपण बाटलो. लहानपणी मला वाटे, पावात एवढं असतं काय? खरंच काही नसतं. तोच पाव आज वड्याला पोटात घेऊन अख्ख्या महाराष्ट्राला जगवतो आहे. पाणी प्यायलेल्यांना वाळीत टाकलं, तो तर गावाचाच कोतेपणा. पण पाव टाकणाऱ्याचं चुकलं ते वेगळंच. विहीर दुसऱ्याची होती, वेळ रात्रीची होती आणि पिणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

खातेदाराची सही नसताना त्याच्या खात्यातून रक्कम काढली आणि अगदी त्याच्याच भल्यासाठी खर्च केली, तरी आमच्या बँकेत तिला अफरातफरच म्हणतात. आईचा नियम बरोबर की चूक हा प्रश्नच नव्हता. तो आईच्या खात्यावर होता. त्यावर सही करायचा अधिकार मला नव्हता.

“आई, त्यात अंडं आहे.”

ती थांबली. “तू खाल्लास?”

“खाल्लं.”

“पोरांनी?”

“हो.”

“आणि हिनं?”

सौ. “दूध उतू जातंय वाटतं,” म्हणत आत गेल्या. गॅस पेटवलेलाच नव्हता.

आईने पाकीट माझ्या हातात परत दिलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “खाल्लात ते खाल्लात. तुमचं तुम्ही बघा. पण रोज रात्री तू मला गोळ्या देतोस, त्या मी न बघता गिळते रे.”

बस, एवढंच. बी. कॉम.च्या तीन वर्षांत विश्वस्त या शब्दाची व्याख्या मी चारदा पाठ केली होती. समजली त्या दिवशी.

चार दिवस माझा चहाचा कप वेगळा होता. पाचव्या दिवशी तो आपोआप इतर कपांत मिसळला.

पुढच्या एकादशीला मात्र मला राहवलं नाही. खिचडी वाढता वाढता मी आईला सगळा इतिहास सांगून टाकला. ब्राझील, जहाजं, साबुदाणा, बटाटा, मिरची, काही म्हणता काही लपवलं नाही. हिशेब पूर्ण व्हावा हा हेतू. थोडी खोडही होतीच.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ताटली पुढे केली.

“असंल. आता मला ठाऊक झालं ना? वाढ आणखी थोडी.”