मौन आणि संमति

मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण सहज म्हणतों. परंतु या तत्त्वावर एका देवळाचा देश ठरला, हें कळल्यावर त्याच्या न्याय्यतेविषयीं विचार करणें प्राप्त होतें.

कंबोडिया व थायलंड यांच्या सरहद्दीवर, डांगरेक पर्वताच्या कड्यावर, प्रेआ विहिअर नांवाचें शिवमंदिर आहे. ख्मेर राजांनीं तें मुख्यतः अकराव्या व बाराव्या शतकांत उभारलें. तेथील देव शिखरेश्वर. उत्तरेस, थायलंडच्या बाजूनें, पायऱ्या व गोपुरें यांची सुमारें 800 मीटर लांबीची रांग गाभाऱ्याकडे चढत जाते. दक्षिणेस कंबोडियाच्या मैदानावर तुटलेला कडा आहे. सोपी वाट एका देशांतून आणि देव दुसऱ्या देशांत, अशी ही अवस्था.

1904 च्या तहाप्रमाणें सरहद्द पाणलोटाच्या रेषेनें जावयाची होती. 1907 सालीं फ्रेंच अधिकाऱ्यांनीं तयार केलेल्या नकाशांत मात्र देऊळ कंबोडियांत पडलें. सयामनें, म्हणजे आजच्या थायलंडनें, नकाशे स्वीकारले, आणखी प्रती मागविल्या. तक्रार केली नाहीं. 1930 सालीं राजपुत्र दामरोंग देऊळ पाहावयास गेले, तेव्हां फ्रेंच निशाणाखालीं त्यांचें स्वागत झालें; तरीहि सयाम गप्पच राहिलें. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें 15 जून 1962 रोजीं नऊ विरुद्ध तीन मतांनीं कंबोडियास देऊळ दिलें, तें बव्हंशीं या मौनाच्या आधारें.

कायद्यास हा नियम हवाच. पन्नास वर्षांनीं केलेली तक्रार ऐकावयाची ठरली, तर एकहि सरहद्द स्थिर राहणार नाहीं. परंतु नीतीचा प्रश्न निराळा आहे: जो गप्प बसला त्यास बोलणें शक्य होतें काय? 1893 सालीं फ्रेंच युद्धनौका बँकॉकपर्यंत येऊन ठाकल्या होत्या. त्या अनुभवानंतरचें मौन निव्वळ संमतीचें कसें म्हणावें? आणि कंबोडिया तर फ्रान्सच्या संरक्षणाखालीं होता. त्यास कोणी विचारलेंच नव्हतें. आज भांडणारे दोघेहि रेषा ओढली गेली तेव्हां जवळजवळ मुके होते.

म्हणून निकाल चुकला, असें मात्र ठरत नाहीं. भीतीनें धरलेलें मौन ही संमति नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच त्या मौनाची भरपाई तोफेनें होत नाहीं, हेंहि खरें. 2011 सालीं देवळाच्या परिसरांत आणि 2025 सालीं याच सरहद्दीवर माणसें मेलीं. त्यांतून कोणाचाहि हक्क अधिक न्याय्य झाला नाहीं. न्यायालय मालक ठरवूं शकतें. मालकानें भाविकास दार उघडें ठेवावें आणि शेजाऱ्यानें वाट मोकळी ठेवावी, हें मात्र दोघांनीं स्वतःच ठरवावयाचें आहे. आणि तें ठरविण्यासाठीं आतां दोघांसहि वाचा आहे.