साबुदाण्याएवढा थेंब

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये शिरलं, की लेथवर गरगरणाऱ्या लोखंडावर एका बारीक नळीतून पांढरं पाणी पडताना दिसतं. नवख्याला ते दूधच वाटतं. या गावाचा लोखंडाशी संबंध जुना आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५०च्या दशकात इथे उभ्या राहिल्या, आणि आसपासच्या गाळ्यांमध्ये लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची कामं वाढत गेली. हत्यार तापू नये, धार जाऊ नये म्हणून सोडलेल्या या पांढऱ्या पाण्याला कारागीर कूलंट म्हणतात. ज्या तेलापासून ते बनतं त्याला बाजारात ‘सोल्युबल ऑइल’ म्हणतात, आणि हे नाव साफ खोटं आहे. तेल पाण्यात विरघळलेलं नसतंच. ते फक्त इतक्या बारीक थेंबांत फुटलेलं असतं, की आपण तेल आहोत हे विसरून पाण्याबरोबर वाहतं. बादलीत फिनाइल ओतल्यावर जो पांढरा ढग उठतो, त्याच्याच जातकुळीतला हा प्रकार. शास्त्रात याला इमल्शन म्हणतात.

कूलंट तपासायचं साधन म्हणजे खिशात मावेल असा रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, आकडा वाचायचा. तेल किती आहे ते कळतं. पण थेंब केवढे आहेत, हे त्याला सांगता येत नाही. ते जुना कारागीर डोळ्यांनी सांगतो. ताज्या कूलंटच्या पांढऱ्यात निळसर झाक असते, कारण बारीक थेंब निळा उजेड जास्त विखुरतात. थेंब मोठे होत गेले की ती झाक जाते, टाकीच्या कडेला पिवळट साय धरते, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी झाकण उघडलं की कुजका वास येतो. वर साचलेल्या तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे हवेविना जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं.

‘किती’ आणि ‘केवढे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ओळखायला माणसाला फार वेळ लागला. तिसरा प्रश्न, ‘किती काळ’, हा तर विसाव्या शतकातला.

घरात मात्र हे ज्ञान न मोजता वापरात होतं. दुधावर साय येते, सायीला विरजण लावून रवीने घुसळलं की लोण्याचा गोळा येतो. या घुसळण्यात जे घडतं ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठं नाट्य आहे: पाण्यात स्निग्धाचे थेंब होते, ते उलटून स्निग्धात पाण्याचे थेंब होतात. मग लोणी कढवताना तडतड होते, ते त्या कोंडलेल्या पाण्याच्या थेंबांचं फुटणं. तडतड थांबली की तूप झालं. इमल्शन पूर्ण मोडलं, हे कानाने मोजण्याची एवढी अचूक पद्धत दुसरी सापडणार नाही. मशीन शॉपमध्येही एक नियम तोंडपाठ असतो. आधी पाणी, मग त्यात तेल. उलट केलं तर लोण्यासारखा लगदा होतो आणि तो नळीतून जात नाही.

दुधातले गोळे डोळ्यांनी पाहणाऱ्या पहिल्या काही माणसांत डच कापडव्यापारी लेवेनहूक होता. १६७४च्या सुमारास स्वतः घासलेल्या भिंगातून त्याला स्वच्छ पाण्यात तरंगणारे पारदर्शक गोल दिसले. दूध पांढरं दिसतं त्यात या गोळ्यांच्या गर्दीचा मोठा वाटा आहे. पण त्या गोळ्यांच्या आकाराला अर्थ दिला तो १८५१ साली गणिती जॉर्ज स्टोक्सने, आणि तोही दुधाचा विचार न करता. त्याच्यापुढे प्रश्न होता घड्याळाच्या लंबकाला हवा किती अडवते याचा. त्याच गणितातून ढग खाली का पडत नाहीत याचंही उत्तर निघालं. पावसाळ्यात मलंगगडाच्या सुळक्यांना चिकटून राहिलेले ढग पडतच असतात; थेंब इतके बारीक असतात, की पडण्याचा वेग जाणवत नाही.

स्टोक्सच्या सूत्रातली खरी मेख म्हणजे थेंबाच्या व्यासाचा वर्ग. व्यास निम्मा केला की वेग चौथाईवर येतो. पाण्याहून एक दशांशाने हलकं तेल घ्या आणि एक मीटर खोल टाकी. १५० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या भागाएवढा, तळापासून वर यायला सुमारे १४ मिनिटं घेतो. १० मायक्रॉनचा थेंब दोन दिवसांहून जास्त. आणि १ मायक्रॉनचा थेंब सात महिने! तेल तेच, पाणी तेच, टाकी तीच.

सात महिने कुणाला हवेत आणि कुणाला नकोत, यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

ज्यांना हवे होते त्यांच्यात फ्रान्सचा ऑगस्त गोलाँ पहिला. दूध प्रचंड दाबाने बारीक फटीतून दामटून थेंब फोडणारं यंत्र त्याने १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. गायीच्या दुधातले गोळे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. होमोजिनाइझ केल्यावर बहुतेक एका मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली जातात. असं दूध तापवलं तर साय धरत नाही, आणि ‘हल्लीच्या दुधात काही राम नाही’ असा निकाल स्वयंपाकघरात लागतो. राम असतो, फक्त विखुरलेला.

सगळे थेंब एकाच मापाचे असतील तर काय होईल, हे पाहण्याचा ध्यास घेतला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँने. कोकमाच्या भाऊबंदांपैकी एका झाडाच्या चिकातून गॅम्बोज नावाचं पिवळं रंगद्रव्य मिळतं. ते पाण्यात घोटून, सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून त्याने दाण्यांची वर्गवारी केली. एक किलो गॅम्बोज आणि काही महिन्यांची मेहनत खर्ची घातल्यावर हाती आले पाऊण मायक्रॉनचे एकसारखे दाणे, तेही ग्रॅमच्या काही दशांशांएवढे. सूक्ष्मदर्शकाखाली हे दाणे वर जाताना कसे विरळ होतात ते मोजून १९०८-०९मध्ये त्याने रेणू खरोखर असतात हे दाखवून दिलं. १९२६चं नोबेल त्याला मिळालं. एकसारखे थेंब मिळवायला किती यातायात पडते, हेही त्या प्रयोगाने नकळत सांगितलं. कारखान्यातल्या इमल्शनला ती चैन परवडत नाही. तिथे थेंबांची जत्रा असते, लहान-मोठे सगळे एकत्र.

आणि जत्रेची सरासरी काढायची म्हणजे फसगत ठरलेली. एक मायक्रॉनचे हजार थेंब आणि दहा मायक्रॉनचा एकच थेंब, असं इमल्शन कल्पनेत आणावं. डोकी मोजली तर सरासरी व्यास १.०१ मायक्रॉनही भरत नाही. पण दहा मायक्रॉनच्या थेंबाचं आकारमान एका मायक्रॉनच्या थेंबाच्या हजारपट असतं, म्हणजे निम्मं तेल त्या एकट्या थेंबात आहे! गावात एक सावकार आणि हजार कुळं असताना सरासरी उत्पन्न सांगण्यासारखंच हे. त्यामुळे सरासरी एक नसते, अनेक असतात, आणि कामाप्रमाणे निवडावी लागते. जर्मन अभियंता योसेफ सॉटर याने १९२०च्या दशकात इंजिनातल्या इंधनाच्या फवाऱ्यासाठी पृष्ठभाग आणि आकारमान यांच्या गुणोत्तरावर बेतलेली सरासरी सुचवली; इमल्शनवाल्यांनी ती उचलली. तरीही पुरवठादाराच्या कागदावर ‘सरासरी थेंब अमुक मायक्रॉन’ एवढंच छापलेलं आढळतं. कुठली सरासरी, हे कुणी विचारत नाही.

जिवावर बेतणार असेल तेव्हा मात्र विचारतात. तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णाला शिरेतून स्निग्ध पदार्थ देता यावेत म्हणून स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंडने सोयाबीन तेलाचं इमल्शन बनवलं; १९६२पासून ते वापरात आलं. अशा इमल्शनसाठी अमेरिकी औषधसंहितेत दोन अटी आहेत. सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या आत हवी, ही पहिली. दुसरी जास्त बोलकी आहे: पाच मायक्रॉनहून मोठ्या थेंबांत एकूण तेलाच्या ०.०५ टक्क्यांहून जास्त तेल असता कामा नये. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या बंद करायला सरासरी थेंब येत नाही, येतो तो शेपटाकडचा एखादा दांडगा.

‘किती काळ’ हा प्रश्न पुष्कळ दिवस बाटलीवर सोपवलेला होता. नमुना काचेच्या बाटलीत भरायचा, तारखेची चिठ्ठी लावायची, खिडकीत ठेवायचा. वर थर आला की नापास. १९३९ साली ए. किंग आणि एल. एन. मुखर्जी यांनी मांडलं, की हे खरं मोजमाप नव्हे; इमल्शन जसजसं म्हातारं होतं तसतशी त्यातल्या थेंबांची वर्गवारी पुन्हा पुन्हा करावी आणि ती किती वेगाने बदलते ते पाहावं. स्थैर्य हा इमल्शनचा स्थायी गुण मानण्याऐवजी बिघाडाचा वेग म्हणून पाहण्याकडे हे वळण होतं. इमल्शन आज ना उद्या मोडणारच, प्रश्न फक्त मुदतीचा. त्या काळी ही वर्गवारी म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शेकडो थेंब एकेक करून मोजणं होतं. वॉलेस कोल्टरच्या १९५३च्या पेटंटने रक्तपेशी मोजायची विजेची युक्ती दिली, ती थेंबांनाही लागू पडली. लेसर आल्यावर थेंब उजेड कुठल्या कोनात फेकतात, किंवा किती चटपट थरथरतात, यावरून मिनिटभरात थेंबांच्या मापांचा आलेख मिळू लागला.

या यंत्रांचीही एक खोड आहे. नमुना फार दाट असेल तर चालत नाही, म्हणून तो पाण्याने पातळ करावा लागतो. थेंब नुसते एकमेकांना चिकटून घोळका करून बसले असतील, तर पातळ करताना, ढवळताना ते सुटे होऊ शकतात, आणि यंत्र छान आलेख काढून देतं. घोळका, वर चढणं आणि विलीन होणं हे तीन वेगळे आजार आहेत. पहिले दोन बाटली हलवून बरे होतात, तिसरा होत नाही. चौथा आजार गुपचूप चालतो: लहान थेंबांतलं तेल पाण्यातून झिरपत मोठ्या थेंबांत जातं. त्याला ओस्टवाल्डचं नाव आहे. खनिज तेलात तो फारसा जाणवत नाही, सुगंधी तेलांत पटकन जाणवतो.

थेंब मुळात दूर का राहतात? साबणासारखे रेणू त्यांच्या अंगावर ऋण भार चढवतात आणि थेंब एकमेकांना ढकलतात. या ढकलण्याचं आणि ओढीचं गणित १९४०च्या दशकात रशियात देर्यागिन-लांडाऊ आणि हॉलंडमध्ये फेरवे-ओव्हरबेक यांनी मांडलं. त्यातून एक जुनं कोडंही सुटलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो, मिठाने का नाही बसत? तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर तीन भार असतात, मिठातल्या सोडियमवर एक, आणि भाराचा परिणाम सहाव्या घाताने वाढतो. तिप्पट भार, सातशेपट काम. भारतात या विषयाशी नातं सांगणारं मोठं नाव शांतिस्वरूप भटनागर यांचं. लंडनला रसायनशास्त्रज्ञ डॉनन यांच्याकडे १९२१ साली मिळवलेल्या डी.एससी.च्या काळात ते इमल्शनवरच काम करत होते. क्षारांनी इमल्शन उलटतं कसं, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. पुढे त्यांनीच देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या केल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांपैकीच एक.

भटनागरांचा तो विषय वसाहतीतल्या गाळ्यात दर उन्हाळ्यात हजर होतो. बारवी धरणाचं पाणी कमी पडलं आणि कूलंटमध्ये बोअरचं जड पाणी गेलं, की त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं, चिकट मळी होते आणि महिनोन्‌महिने टिकणारं कूलंट फाटतं. तेल बदललेलं नसतं, रिफ्रॅक्टोमीटरवर सकाळी आकडाही बरोबर आलेला असतो.

आता गाळ्याच्या मागच्या बाजूला, गटाराकडे. तिथे तेच टिकाऊपण शत्रू होतं. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरचं सांडपाणी शेवटी वालधुनी आणि उल्हास नद्यांकडे ओढ घेतं. शके ९८२, म्हणजे १०६०चं शिलाहारांचं शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी आहे. या दोन नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ संस्था राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. अंबरनाथला आणि बदलापूरला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. तेल वेगळं करायच्या रूढ टाक्या १५० मायक्रॉनचा थेंब धरून आखलेल्या असतात, म्हणजे वरच्या हिशेबातला १४ मिनिटांचा थेंब. सात महिन्यांचा थेंब त्यातून सरळ पुढे निघून जातो.

नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. चाचणीत नमुन्यात आम्ल घालतात, त्याने इमल्शन मोडतं. मग द्रावकाने तेल ओढून घेतात, द्रावक उडवून देतात, उरेल त्याचं वजन करतात. मोजण्याआधीच थेंब संपलेले असतात. दहा मिलिग्रॅम तेल एकाच थेंबात गोळा केलं तर तो पावणेतीन मिलिमीटरचा, न भिजवलेल्या साबुदाण्याएवढा भरतो. चमच्याने काढून टाकता येईल. तेच तेल एका मायक्रॉनच्या थेंबांत वाटलं तर एका लिटरमध्ये २,१०० कोटी थेंब होतात. कागदावर दोन्ही नमुने सारखेच उतरतात. मर्यादा वजनाची असण्यात चूक नाही, नदीला वजनाशी मतलब आहे. पण केंद्र चालवणाऱ्याला त्या आकड्यावरून काय करायचं ते कळत नाही. त्याला रिफ्रॅक्टोमीटरवाल्या कारागिराइतकंच अर्धं सांगितलेलं असतं.

उरलेलं अर्धं तो स्वतः शोधतो. त्याच्या टेबलावर एका रांगेत सहा बीकर आणि त्यांत फिरणारी सहा पाती असतात. प्रत्येकात तेच दुधाळ पाणी, प्रत्येकात तुरटीचा किंवा तसल्याच क्षाराचा वाढता डोस. आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग पाती थांबवायची. मिनिटामिनिटाला तो वाकून बघतो. कमी डोसाचे बीकर पांढरेच राहतात. मधल्या कुठल्यातरी बीकरमध्ये आधी भुरभुर दिसते, मग काचेपलीकडची भिंत. फार पुढच्या बीकरमध्ये पाणी पुन्हा दुधाळ होऊ शकतं, कारण डोस जास्त झाला की थेंबांवर उलटा भार चढतो आणि ते परत एकमेकांना ढकलायला लागतात. ज्या बीकरमध्ये भिंत सगळ्यात आधी दिसली त्याचा आकडा तो वहीत उतरवतो आणि पंप सुरू करायला जातो. संध्याकाळी सांडपाण्याचा पुढचा टँकर आला की बीकर पुन्हा मांडायचे असतात.