थैली कोणाच्या हाती?



वित्त समितीच्या गेल्या बैठकीत ठरले की आपल्या धर्मग्रामाची कीर्द-खतावणी यापुढे नांदेडमधल्या एका हिशेबनिसाच्या कार्यालयातून लिहून घ्यायची. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपताच एका आजोबांनी मला गाठले. कित्येक वर्षे दान मोजून वहीत लिहिणारा हा माणूस. "फादर, आता घरच्यांवर विश्वास उरला नाही का?" त्यांचा प्रश्न मनाला लागला.

खरे सांगतो, विश्वास कमी पडला तो माझा माझ्यावर. लातूर जिल्ह्यात होतो तेव्हा एका वर्षी सुगीच्या सणाचे दान मी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवले. त्यातूनच कोणाच्या औषधाला दिले, कोणाच्या बसभाड्याला. खिशात एक पैसा गेला नाही. पण वर्षअखेरीस मेळ बसेना, आणि माझ्याजवळ तोंडच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता. देवविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, जमा-नावे नव्हे!

प्रभूच्या बारा शिष्यांत मत्तय जकातदार होता, हिशेबात मुरलेला. तरी थैली यहूदाकडे होती आणि तो त्यातून चोरत असे, असे संत योहान सांगतो. यहूदा काही परका नव्हता, घरचाच होता.

संत पौलाने वेगळे केले. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने करिंथकरांकडे वर्गणी मागितली. ती पोहोचवण्याच्या कामी त्याने तीताला पाठवले आणि ख्रिस्तसभांनी निवडलेला बंधूही सोबत दिला. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, व्यवहार देवासमोर आणि माणसांसमोरही स्वच्छ दिसावा, हे कारण तो करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात देतो. देणारे ते गरीब कधी पाहणार नव्हते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे असेच झाले. ज्यांनी मराठवाडा नकाशावरही पाहिला नव्हता त्यांनी मदत पाठवली. अशा पैशाचा हिशेब कोणी मागितला नाही तरी द्यावाच लागतो.

म्हणून 1983 च्या धर्मसभेच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची केली (कलम 537). जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवणे आणि वर्षाला अहवाल करणे हे कलम 1284 मध्ये आहे. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांनाच द्यावा, हे 1287 मध्ये. सरकारी बाजू आणखी किचकट. धर्मादाय कायदा, आयकराची नोंदणी, आणि परदेशी देणगी असेल तर 2020 च्या दुरुस्तीपासून ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते. तारीख चुकली की दंड. हे काम जाणकाराला दिले तर त्यात कमीपणा नाही.

पण सेंट थॉमस आक्वायनस यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. कुऱ्हाड लाकूड तोडते, तरी तोडणारा सुतारच असतो. कार्यालय लिहील, सही माझी आणि समितीची. चूक निघाली तर "त्यांनी लिहिले" म्हणण्याची सोय आम्हाला नाही. जो लिहील तोच तपासणार नाही, लेखापरीक्षक निराळा असेल. कोणत्या घराला फी किंवा धान्य दिले ती नावे बाहेर जाणार नाहीत. पावतीवर फक्त क्रमांक राहील, नावांची वही इथल्या कपाटात. गरिबाची लाज राखणे हाही हिशेबच आहे.

आणि आजोबा, पेटी पूर्वीप्रमाणे वेदीमागच्या खोलीतच उघडेल. मोजायला दोघे, शक्यतो एकाच घरातले नकोत. आकडा तिथल्या तिथे वहीत, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. पुढच्या रविवारी पहिले तुम्ही बसा, सोबत युवक संघातले कोणी तरी. तिमाहीचा जमाखर्च दाराजवळच्या फलकावर लावू. शंका असेल त्यांनी मिस्सानंतर थांबावे, वह्या मी टेबलावर काढून ठेवीन.

तुमचा धर्मगुरू