शेजारच्या शटरचं माप

कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेनं जुनं स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. काम दिलं ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला. त्याच्या हाताखाली त्याचा भाचा होता, दहावीनंतर मामाकडे काम शिकायला आलेला. ओटा जुनाच ठेवला, खाली ट्रॉल्या आणि शटरं, वर भिंतीला सलग आठ शटरांची रांग. प्लाय कापून झाला, सनमायका चढला, बिजागऱ्या लागल्या. राहिली फक्त हँडलं.

हँडल बसवणं हे लोकांना शेवटचं, किरकोळ काम वाटतं. मला ते साऱ्या कामात सर्वांत जोखमीचं वाटतं. शटर जरा वाकडं लागलं तर बिजागरीचा स्क्रू फिरवून ते वरखाली, आतबाहेर करता येतं. ट्रॉली अडकली तर चॅनल सैल करून पुन्हा बसवता येतो. पण तयार सनमायक्यावर एकदा भोक पडलं की ते पडलं. आणि ते असतं अगदी नजरेसमोर.

मिस्त्रीनं आधी बाईंना ओट्यासमोर उभं केलं.

“बाई, रोज डबा काढता तसा हात वर करा. टाचा उचलायच्या नाहीत.”

बाईंनी हात वर केला. बोटं जिथं आरामात टेकली तिथं मिस्त्रीनं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला. बाईंनी दुकानातून गोल पितळी मुठी आणल्या होत्या. त्यातली एक त्यानं टेपवर धरली आणि म्हणाला, “ओढून बघा.” बाईंची बोटं सांधेदुखीनं आखडलेली. गोल मूठ चिमटीत धरावी लागते, आणि पिठाचा किंवा तेलाचा हात असला की ती निसटते. त्यानं मग लांब हँडल धरलं, दोन भोकांत १२८ मिलीमीटर अंतर असलेलं. त्यात चार बोटं सहज गेली. मुठी परत गेल्या, हँडलं आली.

ही हँडलं ९६, १२८, १६०, १९२ अशा मापांत मिळतात. सगळे आकडे ३२ च्या पटीतले, कारण कारखान्यात कपाटांची भोकं ३२ मिलीमीटरच्या अंतरानं पाडायची पद्धत युरोपात रुळली आणि तिथून सगळीकडे गेली. म्हणून उद्या हँडल तुटलं तरी त्याच भोकांत दुसऱ्या कंपनीचं बसतं. अर्थात, भोकं मापात असली तर.

बाईंच्या हातावरून माप ठरलं: शटरच्या खालच्या कडेपासून पहिलं भोक ५० मिलीमीटरवर, उघडत्या कडेपासून ४० वर. मिस्त्रीनं पातळ प्लायचा तुकडा घेतला, त्यात १२८ च्या अंतरानं दोन भोकं पाडली आणि दोन कडांना पट्ट्या ठोकल्या. पट्ट्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या, म्हणजे तुकडा उलटा केला की तोच उजव्या शटरला चालतो आणि तोच डाव्या. एका अंगावर पेन्सिलीनं ‘डावा’ लिहिलं, दुसऱ्या अंगावर ‘उजवा’. झाला फर्मा. शटरच्या कोपऱ्यात अडकवायचा, भोकांतून टोचा मारायचा, काढून पुढच्या शटरला लावायचा. मोजायची टेप हातात धरायची गरजच नाही.

खालची सगळी शटरं त्यानं स्वतः केली आणि भाच्याला दाखवली. खुणेवर मास्किंग टेप लावायची, टोच्यानं खळगा करायचा म्हणजे बिट घसरत नाही. ५ मिलीमीटरचं बिट, समोरून आत. पाठीमागं लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरायचा, नाहीतर बिट बाहेर पडताना आतल्या सनमायक्याचा टवका उडतो. प्लाय १८ चा, दोन्हीकडचा सनमायका धरून २० च्या आसपास. हँडलबरोबर २५ चा स्क्रू येतो, म्हणजे हँडलच्या आत जायला ५ मिलीमीटर उरतात. तेवढ्यावर हँडल वर्षानुवर्षं टिकतं, पण मशीननं वाजवीपेक्षा जास्त आवळलं तर आटे जातात. शेवटचे फेरे हातानंच द्यायचे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सामान आणायला कोल्हापूरला जावं लागलं. वरची आठ शटरं भाच्यावर सोपवून तो गेला.

पोरानं पहिलं शटर फर्म्यावरूनच केलं. दुसऱ्याला फर्मा उलटा लावायचा होता. त्याला वाटलं, एवढं कशाला? पहिलं तर बरोबरच आहे. त्यानं पहिल्या हँडलच्या पायाशी गुण्या धरला, शेजारच्या शटरवर पेन्सिलीनं रेघ नेली आणि तिथं भोक पाडलं. सुरेख जमलं. तिसरं दुसऱ्यावरून, चौथं तिसऱ्यावरून. पेन्सिल बोथट होती, रेघ जाड येत होती, आणि टोचा दरवेळी रेघेच्या वरच्या अंगाला टेकत होता. दुपारपर्यंत आठही झाली. बाईंनी पाहिलं आणि कौतुकानं चहाबरोबर चकली दिली.

संध्याकाळी मिस्त्री आला. शटरांजवळ गेलाच नाही. दारात उभा राहिला, एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“फर्मा कुठाय?”

“हा काय, मामा. खिडकीत.”

“टेप घे. पहिल्याचं आणि दुसऱ्याचं माप सांग.”

पोरानं मोजलं. “अर्धा-पाऊण मिलीमीटरचा फरक. काहीच नाही.”

“दुसऱ्या-तिसऱ्याचं?”

“तेवढाच.”

“तिसऱ्या-चौथ्याचं?”

“तेवढाच, मामा. सगळीकडे तेवढाच असणार.”

“आता पहिल्याचं आणि आठव्याचं सांग.”

पहिलं ५० वर होतं. आठवं जवळजवळ ५५ वर. पोरानं दोनदा टेप लावली आणि मग ती तशीच हातात धरून उभा राहिला. मिस्त्री रागावला नाही. खाली बसला, तंबाखूची पुडी काढली.

“माझा एक जोडीदार होता,” तो म्हणाला. “हात माझ्यापेक्षा चांगला. स्वयंपाकघराला ७१० नंबरचाच प्लाय लावायचा, हा आमचा नियम. पाण्याला तोच टिकतो. एका घरी माल कमी पडला. त्यानं आतल्या एका फळीला ३०३ चा साधा प्लाय लावला. एकच फळी, तीही कोरड्या जागी. काही बिघडलं नाही. पुढच्या घरी म्हणाला, मागच्या घरी एक फळी चालली, इथं दोन चालतील. त्याच्या पुढच्या घरी एक अख्खं कपाट. दरवेळी मागच्या कामापेक्षा थोडंसंच जास्त. खोटं काम करायचं असं त्याच्या मनात कधी आलं नाही रे, मी शपथेवर सांगतो. तो फक्त मागच्या कामावरून पुढचं माप घेत गेला. शेवटी सिंकखालचं कपाट त्यानं साध्या प्लायचं केलं. एका पावसाळ्यात ते फुगून फुटलं. मालकानं चारचौघांत विचारलं, तेव्हा हे कधीपासून चालू झालं ते त्याला सांगता येईना. त्या पेठेत त्याला पुन्हा काम मिळालं नाही.”

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “अहो मिस्त्री, पाच मिलीमीटर म्हणजे काय! मला दिसलंही नाही. माझा हात पोचतोय. राहू दे, पोरगं नवं आहे.”

“तुमच्या हाताला काही होत नाही, बाई, ते खरंय,” मिस्त्री म्हणाला. “शटर तुमचं आहे. पण सवय याची आहे, आणि ती हा पुढच्या घरी घेऊन जाणार.”

त्या रात्री दोघं कामाला बसले. सगळी हँडलं काढली. सागाच्या बारीक गुल्ल्या तासल्या, फेविकॉलात बुडवून चुकलेल्या भोकांत ठोकल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. भोक न बुजवता शेजारी दुसरं पाडायला गेलं की बिट जुन्या भोकात घसरतं. सकाळी फर्मा लावून नवी भोकं पाडली. हँडलच्या पायाची चकती १२ मिलीमीटरची. दुसऱ्यापासून पाचव्या शटरापर्यंत जुनं भोक तिच्याखाली पुरतं झाकलं गेलं. सहाव्याला ते चकतीच्या कडेला आलं, सातव्या आणि आठव्याला तर बाहेर डोकावलं. ती तीन शटरं मिस्त्रीनं उतरवली आणि स्वतःच्या खर्चानं नवी केली. बाईंनी पैसे द्यायचा आग्रह केला. त्यानं घेतले नाहीत, आणि पोराच्या मजुरीतूनही कापले नाहीत. नव्या शटरांना भोकं मात्र पोराकडूनच पाडून घेतली.

मला या गोष्टीत बाईंचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच काही दिसलं नव्हतं. शेजारी-शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही. चांगल्या मनाच्या माणसाला तर नाहीच. पोरानंही कामचुकारपणा केला नव्हता. आठही वेळा मनापासून मोजलं होतं. फक्त कशावरून मोजायचं, ते पहिल्या शटरनंतर बदललं होतं. आपल्याकडे कष्टाळू माणसांची कामं बिघडतात ती बहुधा अशीच, आणि आपण मात्र दोष आळसात शोधत बसतो.

भाचा आता स्वतंत्र कामं घेतो. त्याच्या पिशवीत प्रत्येक घरासाठी नवा फर्मा असतो, आणि तो करण्याआधी त्या घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तो ओट्यासमोर उभं करून हात वर करायला लावतो.

तुमच्याकडे हँडलं बसवायची असतील तर मिस्त्रीला आधी फर्मा करायला सांगा. प्लायचा एक टाकाऊ तुकडा आणि अर्धा तास, याहून त्याला जास्त काही लागत नाही. काम संपल्यावर तो कचऱ्यात जाऊ देऊ नका. तारीख लिहून एखाद्या कोरड्या खणात ठेवा. पुढं कधी एखादं शटर बदलावं लागलं, तर भोकं त्या फर्म्यावरूनच पाडून घ्या.