गर्भ गेला तर दोष कोणाचा?

खेड्यांत एखाद्याचें मूल वारलें, म्हणजे शेजारीपाजारी जमतात आणि कोणी तरी भाकरी घेऊन येतो. परंतु एखाद्या स्त्रीचा गर्भ तिसऱ्या महिन्यांत आपोआप गेला, तर कोणी जमत नाहीं. तिनें दोन दिवसांत पुन्हा पाणी भरावें, खुरपणीस जावें, अशी अपेक्षा असते. मात्र एक प्रश्न घरोघर कुजबुजला जातो : तिनें काय केलें असेल? घागर उचलली, ग्रहणांत भाजी चिरली, कीं कोणाची नजर लागली? हा प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे काय, ह्याचा वाचकांनीं शांतपणें विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. गर्भ राहिल्याचें कळल्यानंतरही शंभरांपैकीं सुमारें १० ते २० गर्भ टिकत नाहींत, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. अशा आरंभींच्या सुमारें निम्म्या प्रसंगीं कारण गुणसूत्रांत असतें. आईकडून २३ व बापाकडून २३ अशीं हीं सूक्ष्म सूत्रें मिळून गर्भाची घडण ठरते. त्यांत एखादें अधिक किंवा उणें पडलें, तर तो गर्भ बहुधा वाढूंच शकत नाहीं. आणि हें त्या स्त्रीस आपण गरोदर आहों असें कळण्यापूर्वींच घडून गेलेलें असतें. कधीं मधुमेह, कधीं हिंवताप, कधीं गर्भाशयाची ठेवण हें कारण असतें. कित्येकदां कारण सांपडतच नाहीं. ग्रहणाचा व नजरेचा येथें कांहीं संबंध नाहीं. रोजच्या साध्या घरकामानेंही गर्भ जात नाहीं. जें तिच्या हातीं नव्हतें, त्याचा दोष तिच्या माथीं मारणें हा अन्याय होय.

कोणी म्हणेल, मग ह्यांत कोणाचेंच कांहीं कर्तव्य नाहीं काय? आहे. आमच्या नगर जिल्ह्यांतील पाथर्डी, शेवगांव, जामखेड ह्या तालुक्यांतून दर वर्षीं कित्येक जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊंसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता; दिवस बुडाला कीं खाडा कापला जातो. पोटुशी स्त्रीही डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढते. असें जड ओझें वारंवार उचलल्यानें धोका वाढूं शकतो. गर्भ गेल्यावर कामकरी स्त्रीस सहा आठवडे पगारी रजा मिळावी, असें १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानें ठरविलें, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तें ठेविलें आहे. पण मुकादमाच्या हिशेबांत त्या सहा आठवड्यांस जागा नसते. अमुक एक गर्भ कां गेला, हें सांगतां येणार नाहीं. परंतु त्या बाईस विसावा कां मिळाला नाहीं, हें आपणां सर्वांस सांगतां येईल. दोष शोधावयाचाच असेल, तर तो येथें शोधावा.

जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनीं आरोग्याचें काम आरंभिलें, तेव्हां गांवोगांवच्या स्त्रियांसच त्यांनीं शिकवून तयार केलें. त्यांत कित्येक निरक्षर होत्या. शेजारणीच्या तोंडून आलेलें ज्ञान घरांत लवकर शिरतें. तेव्हां हें काम वाचकांच्या घरींही होण्यासारखें आहे.

रक्त फार जाऊं लागलें, ताप आला किंवा पोटांत असह्य दुखूं लागलें, तर लाजेनें लपवूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. दोनतीन वेळां असें झालें, तर नवराबायको दोघांनींही तपासून घ्यावें. पुष्कळ स्त्रियांस पुढें निरोगी मूल होतें, हें खरें. तथापि “दुसरें होईल” हें सांत्वन नव्हे. ज्याची वाट पाहिली तें मूल वेगळें होतें, आणि त्यासाठीं आईस रडूं द्यावें. बापाचेंही मन दुखावलेलें असतें. त्यालाही कोणी विचारावें.

ज्या घरीं असा प्रसंग आला असेल, तेथें आज भाकरी घेऊन जावें. तिची घागर आपण भरावी. आणि सासूनें सर्वांदेखत एवढें म्हणावें, “मुली, तुझ्याकडून कांहीं चुकलें नाहीं.”